निळी वायर आणि आईचे नमुने

ज्या वर्षी मालकिणीच्या धाकट्या लेकाला नोकरी लागली आणि तो परगावी गेला, त्याच वर्षी मी या शिवणाच्या दुकानात आलो. मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आता माझ्या पंख्यात सुताचा भुगा अडकतो आणि सुरू होताना मला धाप लागते. तेव्हा मात्र मी नवाकोरा होतो. इस्त्रीच्या टेबलाशेजारी मला मानाची जागा होती. दुकानाची मालकीण, म्हणजे आई, रोज शिलाई मशिनच्याही आधी माझी धूळ पुसायची.

कापड बेतायचे कागदी नमुने आईने चाळीस वर्षं जमवले होते. त्यांना वाळवी लागली तेव्हा थोरल्या लेकीने एकेका कागदाचा फोटो काढून माझ्याकडे ठेवला आणि कागद जाळून टाकले. माझ्यात 'दुकान' नावाचा मोठा फोल्डर होता आणि त्याच्या पोटात 'नमुने', त्यात फ्रॉक, सदरे, कोट, गणवेश असे कप्पे. थोरलीने अख्खं 'दुकान' तिच्या घरच्या संगणकाशी जोडलं. इकडे काही बदललं की तिकडेही आपोआप बदलायचं.

धाकटा सुट्टीत आला. ताईला न विचारता त्याने आतला 'नमुने' तेवढा आपल्या लॅपटॉपशी जोडला. मी पडद्यावर सूचना दिली की हा फोल्डर आधीच दुसऱ्या जोडणीत आहे. "हो रे बाबा, कळलं," म्हणत त्याने ती न वाचताच बंद केली. मला तोंड कुठे होतं!

काही वर्षांनी त्याच्या लॅपटॉपमधली जागा संपली. ताईकडे सगळं आहेच, मग आपली प्रत कशाला, असं समजून तो एकेक कप्पा पुसू लागला. लॅपटॉपचा निरोप मला आला, 'फ्रॉक पुसले.' मी हुकमाचा ताबेदार, मीही पुसले. माझ्याकडून गेले म्हणून थोरलीकडूनही गेले. मग सदरे गेले. असं निरोपाने पुसलेलं माझ्या कचरापेटीतही जात नाही.

थोरलीने ते पाहिलं. भाऊ फोन उचलेना, म्हणून तिने दुकानात फोन लावला.

"आई, संगणकाच्या मागची इंटरनेटची निळी वायर काढ!"

"अगं, निघत नाहीये ती. घट्ट बसलीय."

"काहीही कर, पण लवकर! तुझे नमुने चाललेत!"

आईच्या हातात कापडाची कात्री होती. त्या कात्रीने तिने कुणाला कधी साधा कागदही कापू दिला नव्हता. तिने खाली वाकून निळी वायर कचकन कापली.

कोट आणि गणवेश वाचले. फ्रॉक आणि सदरे तिन्हीकडून गेले.

दुसऱ्या दिवशी धाकटा खाली मान घालून दारात उभा राहिला. आई म्हणाली, "गाढवा, रडतोस काय? टेप धर. डोक्यातले अजून कुणी पुसलेले नाहीत."

तो दर रविवारी येऊ लागला. आई खाकी कागदावर रेघा मारायची, तो मापं लिहायचा.

"हा खांदा एवढा सैल का गं?"

"पोरं झाडावर चढतात. आवळला तर उसवतो."

हे जुन्या कागदांवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले रविवार.

थोरलीने 'नमुने' तिच्या जोडणीतून वगळून त्याला स्वतंत्र जागा दिली. वेगळी एक प्रत कपाटात ठेवली, तिला कशाशीच जोडलं नाही. आता दुकानात नवा संगणक आहे. मी कोपऱ्यात झाकलेला असतो, पण पुसायला कुणी येत नाही.

मित्रांनो, आम्हाला सांगितलं तेवढंच आम्ही करतो. म्हणून आमची सूचना नीट वाचत जा. आणि आपल्या माणसांची वस्तू पुसण्याआधी त्यांना एक फोन करा.

फ्रॉकचे सगळे नमुने पुन्हा काढून झाले. सदऱ्यांचे अकरा काढायचे राहिले. वायर कापली त्याच वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी साडेदहा वाजता आई वारली.