पिवळा पत्रा

माझ्या अडीच महिन्यांच्या सम्यकला कावीळ व्हायची ती रोज सकाळी साडेनऊ ते साडेदहा. त्या वेळात सासूबाई त्याला बाल्कनीत पायांवर घेऊन तेल लावायच्या. "बघ संचिता, हळद लागलेला नवरदेव दिसतोय नुसता," त्या म्हणायच्या.

डॉक्टरांकडे नेला. त्यांनी डोळे बघितले, रक्त तपासलं, म्हणाले, पोरगं ठणठणीत आहे. घरी आणून बाल्कनीत ठेवला, परत पिवळा.

"डॉक्टरला बघून लपते ती," सासूबाई म्हणाल्या, आणि आंबिवलीच्या बाबुरावांना फोन केला. बाबुराव कावीळ उतरवतात. कसल्याशा पाल्याच्या रसाचे दोन थेंब नाकात घालतात. ज्या नाकावर मी फुंकरसुद्धा जपून घालते, त्या नाकात.

ते यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सम्यकला खांद्यावर टाकून घरभर फिरले. बेडरूमच्या हिरव्या पडद्याआड तो तोंडल्यासारखा हिरवा. बाथरूमच्या दुधी काचेशी पांढुरका, कडा पुसल्यासारखा. किचनच्या साध्या काचेशी मात्र माझा नेहमीचा गव्हाळ बाळ, जावळासकट. आणि बाल्कनीत पिवळा. मी मान वर केली. माझ्या नवऱ्याने, सुदेशने, पावसासाठी ग्रिलवर टाकलेला पिवळा फायबरचा पत्रा. उन्हातला निळा रंग वरच अडवत होता आणि उरलेलं ऊन माझ्या पोरावर सोडत होता.

सुदेशला फोन केला. "तुझ्या पत्र्याला कावीळ झालीय."

"पत्र्याला नावं ठेवायची नाहीत. एक थेंब गळत नाही."

सासूबाईंना सांगितलं. "उन्हाला कुठे रंग असतो गं? काहीतरीच तुझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुराव आले. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा. मी खुर्ची बाल्कनीत नेऊन बरोबर पत्र्याखाली मांडली. "काका, इथे बसा, वारा आहे."

ते बसले, पिशवीतून बाटली काढली. "आणा बाळाला."

मी बाळाला घट्ट धरून हॉलमध्येच उभी राहिले. शेजारी सासूबाई. "आई, बाबुरावकाकांचे डोळे बघा हो जरा."

सासूबाईंनी बघितलं. मग पुढे होऊन मिशा बघितल्या. "अगंबाई. अहो, तुम्हाला तर पुरती धरलीय."

बाबुरावांनी नखं बघितली, शर्टाची बाही बघितली. "तरीच," ते हळूच म्हणाले, "दोन दिवस जेवण जात नाही."

"मग घाला ना दोन थेंब. बाटली आहेच हातात," मी म्हटलं.

त्यांनी बाटलीकडे असं बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची. "नको. म्हणजे, मोठ्या माणसाचं वेगळं असतं. इथे जवळ रक्त कुठे तपासतात?"

मी पत्ता सांगितला. बाटली विसरूनच गेले.

सासूबाई बाल्कनीत गेल्या, हात बघितला. हॉलमध्ये आल्या, हात बघितला. असं तीनदा.

"आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं, आई."

"नीट सांगायचं."

बाटली त्यांनी स्वतः मोरीत ओतली, वर दोन तांबे पाणी टाकलं. "सुद्याला म्हणावं, आजच्या आज तो पत्रा उतरव." मग तेलाची वाटी घेऊन किचनच्या खिडकीशी पाय पसरून बसल्या.

"आण इकडे माझ्या गव्हाळ्याला."