कूर्चेत शिरलेला रंग

आमच्या लॅबमध्ये दर मंगळवारी कत्तलखान्यातून गाईचे गुडघे येतात. ते मी सोलतो, कूर्चेच्या लहान चकत्या काढतो आणि विद्यार्थ्यांच्या हवाली करतो. एकतीस वर्षं हेच करतोय. विद्यार्थी बदलतात, गुडघे तसेच असतात.

हाडांच्या टोकांवरची ही कूर्चा मोठी कद्रू जात. वीण इतकी दाट की पाणी, मीठ, साखर आत घेते, पण मोठा रेणू आला की दार लावून घेते. म्हणून सांधेदुखीवरची भारी औषधं गुडघ्यात टोचली तरी बाहेरच घुटमळतात आणि वाहून जातात. आमच्या टोव्हा स्क्राम्स्टाडला मात्र या हिवाळ्यात मोठा रेणू तासाभरात पार तळाशी गेलेला दिसला. सहा वर्षं घासल्यावर पोरीच्या हाती काहीतरी लागलं होतं. तिचे मार्गदर्शक हेस्टाड सर यांनी आलेख उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वाईट नाही." मिनेसोटात याहून मोठ्याने आनंद करायची पद्धत नाही.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी तिची पीएचडीची तोंडी परीक्षा ठरली. त्याच आठवड्यात सोमवारी चमकत्या रेणूची बाटली संपली, म्हणून नवी करायला मी माझी वही उघडली.

रेणू दिसत नाही, म्हणून त्याला चमकणारा रंग चिकटवतात. थोडा रंग सुटाच राहतो. तो काढायला सगळं बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून तीन दिवस पाण्यात ठेवायचं आणि पाणी बदलत राहायचं. सुटा रंग छोटा, तो निघून जातो. रेणू मोठा, तो पिशवीतच राहतो. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: शुक्रवार, सकाळी नऊला ठेवली, पाणी एकदा बदललं, बाराला काढली. नोव्हेंबरातला शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता. त्या दिवशी दुपारनंतर आमच्या गावात दुखता दात काढायलाही कुणी भेटत नाही.

तळाशी रेणू गेलाच नव्हता, सुटा रंग गेला होता. ते पान फाडून टाकावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू?

"टोव्हा, जरा बस."

"बसलेलीच आहे, व्हर्लिन."

मी वही पुढे केली. तिने ते पान दोनदा वाचलं.

"तीन दिवस ठेवायचं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही तीन तास ठेवलं."

"हो."

"हरणासाठी?"

"हो."

"मग आता नीट ठेवा," ती म्हणाली. "गुरुवारी बघू."

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गुरुवारी बघितलं. चकतीच्या काठाला चमकती रेघ आणि आत मिट्ट काळोख. पाच तासांनीही रेघ जागची हलली नाही. पुस्तकात लिहिलंय तसंच. टोव्हाने तिथेच बसून प्रबंधातलं शेवटचं प्रकरण उडवलं आणि त्या जागी काय चुकलं त्याची दोन पानं लिहिली.

परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं विचारलं, "पहिल्या वेळी रेणू धुतला कोणी?"

"मी," टोव्हा म्हणाली.

मी मागच्या रांगेतून उठलो. "मी धुतला. म्हणजे धुतला नाही. हंगामाचा आदला दिवस होता."

चारही परीक्षक टेबलाकडे बघू लागले. शेवटी हेस्टाड सरांनी घसा खाकरला. "हरण मिळालं का मग?"

"नाही."

"मलाही नाही," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली. टोव्हा पास झाली.

बाहेर कॉफी होती आणि टोव्हाच्या आईने केलेल्या खजुराच्या वड्या. आई, अर्डिस, पासष्टीची. चाळीस गाईंचा गोठा सांभाळते. ती ताटली घेऊन माझ्याकडे आली.

"हरणवाले तुम्हीच का?"

"मीच."

"म्हणजे ते औषध गुडघ्यात शिरणार नाही?"

"नाही. बाहेरच राहील."

"कळलं ते बरं झालं. गुडघे बदलायची तारीख मिळाली होती जानेवारीत. ही म्हणाली, आई, थोडी थांब, आता मोठं औषधही आत जाईल. मी रद्द केली."

"माझं चुकलं," मी म्हणालो.

"आता सप्टेंबरातली मिळालीय," ती म्हणाली. "वडी घ्या ना. गोड कमी झालीय का?"

"नाही, छान झालीय."

मग ती घरी निघाली, दूध काढायची वेळ झाली होती. जिन्याचा कठडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि तिरकी होऊन एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरू लागली. मी वडी हातात धरून वरच उभा राहिलो. तिला खाली पोचायला बराच वेळ लागला.