बर्फाच्या फोटोवरचं नाव

मी कॅमेरा बोलतोय. सोलापुरात, मोठ्या चौकापासून थोडं आत, एका फोटो स्टुडिओच्या काचेच्या कपाटात मी असतो. बोलतोय म्हणजे काय, तक्रारच करतोय. त्यातली निम्मी माझ्याविषयी आहे, निम्मी माणसांविषयी.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. त्याचं मला काही आठवत नाही आणि कौतुकही नाही. आठवतं ते स्टुडिओचा मालक इंद्रजीत मला घरी घेऊन आला तो दिवस. त्याच्या आईनं, सोजरबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. थोडं कुंकू माझ्या काचेवर सांडलं, तसा इंद्रजीत आईवर खेकसला. पुसलं मात्र त्याच्या बायकोनं. ऋतुजानं मऊ कापड शोधून आणलं, आधी फुंकर मारली, मग कडेकडेनं पुसत आली. हात कसा आहे हे आम्हाला पहिल्या स्पर्शातच कळतं.

इंद्रजीत माणूस वाईट नाही. लग्नाचे फोटो काढतो, रुसलेल्या नवरदेवालाही हसवतो. हळद, डोहाळजेवण अशा बायकांच्या कार्यक्रमांना तो ऋतुजाला पाठवायचा, कारण फोटो काढायला बाई असली की बायका मोकळ्या होतात. अल्बमवर नाव त्याचंच असायचं. त्यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

माझा एक दोष आहे. पांढरं पाहिलं की मी बावरतो. फार उजेड झाला असं समजून फोटो अंधारा करून टाकतो. इथल्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढराशुभ्र अंगरखा, घातलेली हजारो माणसं नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागं चालतात. त्यांचे इंद्रजीतनं काढलेले फोटो दरवर्षी मळकट यायचे, धुवायला टाकलेल्या धोतरासारखे. ऋतुजानं ते बघितले आणि म्हणाली, "अहो, पांढरं बघितलं की ह्यो घाबरतोय. ह्याला जरा जादा उजेड द्या की."

"लई शहानी हायस," म्हणून त्यानं विषय संपवला. पुढच्या वर्षी तिनंच माझी उजेडाची चकती थोडी पुढं सरकवली आणि बाराबंदी स्वच्छ पांढरी आली. इंद्रजीतला वाटलं, यंदा ऊन चांगलं पडलं.

तीन वर्षांपूर्वी पायल नावाच्या मुलीचं लग्न ठरलं. लग्नाआधी लांब डोंगरात जाऊन फोटो काढायची आता टूम आहे. पायल, तिचा होणारा नवरा, इंद्रजीत आणि साड्या-पिना सांभाळायला ऋतुजा, असे सगळे मनालीला गेले. चव्वेचाळीस अंशांत वाढलेला इंद्रजीत तिथं पार गारठला. दुसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडून रस्ता बंद झाला. सकाळी ऊन आलं तरी तो रजईतूनच म्हणाला, "आज काय न्हाय व्हायचं. झोप तू बी."

ती झोपली नाही. मला शालीखाली धरून बाहेर पडली. दोन तास आम्ही दोघंच होतो. निम्मं बर्फात बुडालेलं कुंपण, सफरचंदाची उघडीबोडकी झाडं, पाठीवर लाकडं घेऊन उतारावरनं येणारी एक म्हातारी. ऋतुजाची बोटं बधिर झाली होती, पण चकती पुढं सरकवायला ती एकदाही विसरली नाही. माझ्या डोळ्याला बर्फ बर्फासारखा दिसला. मी त्या दिवशी फार सुखात होतो.

सोलापुरात आल्यावर तिनं ते फोटो कॉम्प्युटरवर घेतले. सावलीतला बर्फ निळा आला होता आणि म्हातारीचा स्वेटर भडक गुलाबी. तिनं सगळे रंग काढून टाकले. मग मुळात जिथं निळा होता तिथला उजेड हळूहळू कमी करत गेली, तसं आभाळ काळवंडलं आणि डोंगर लख्ख उठून दिसायला लागला.

सोजरबाई मागं उभ्या होत्या. "रंग काडलेला फोटू मेल्या मानसाचा असतोय गं," त्या म्हणाल्या.

"रंग काडला की थंडी दिसती, आत्या," ऋतुजा सासूला म्हणाली.

सोजरबाईंनी पुन्हा निरखून पाहिलं आणि नकळत पदर अंगाभोवती ओढून घेतला.

पुढं शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळानं स्पर्धा ठेवली. ऋतुजानं विचारलं, "माजे बर्फाचे देऊ का?" इंद्रजीत म्हणाला, "दे की. मी भरतो फॉर्म." त्यानं फॉर्म भरला. म्हातारीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं.

चौकात दहा फुटी डिजिटल बोर्ड लागला. 'हार्दिक अभिनंदन', एका कोपऱ्यात म्हातारी आणि मधोमध गॉगल घातलेला इंद्रजीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो. भाजीला निघालेली ऋतुजा बोर्ड बघून रिकाम्या पिशवीनंच परत आली.

"फॉर्मवर माजं नाव का न्हाय टाकलं?"

"तुजं-माजं काय असतंय त्यात? बक्षीस घरातच आलं की."

"घरात आलं. बोर्डावर मी कुटं हाय?"

तिनं पदर खोचला आणि मंडळाचे अध्यक्ष रेवणसिद्ध सर यांच्याकडं गेली. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, मूळ रंगीत फाईल आणा," ते म्हणाले. "कॅमेऱ्यातून आली तशी. तिच्यात सगळी नोंद असते." ऋतुजाचा चेहरा उजळला. मी साक्षीला आहे म्हटल्यावर तिला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्यासमोर फाईल उघडली. तारीख बरोबर. वेळ बरोबर, सकाळचे सात चाळीस. त्याखाली छायाचित्रकाराचं नाव: इंद्रजीत.

मला विकत घेतलं त्या दिवशीच त्यानं ते माझ्या पोटात भरून ठेवलं होतं. तेव्हापासून बटण कुणीही दाबो, मी प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तेच नोंदवतो. बोट मला ओळखू येतं, लिहिता मात्र तेवढंच एक नाव येतं. ऋतुजाला हे ठाऊकच नव्हतं.

"माणूस काहीही बोलेल, ताई. मशीन खोटं बोलत नाही," सर हळू आवाजात म्हणाले.

बोलतं हो सर! त्या एका सकाळी मी दोनशे बारा वेळा खोटं बोललो. तुम्ही एवढे शिकलेले, यंत्रातलं नाव वाचलंत आणि उठलात. समोर उभ्या बाईला, हा फोटो कसा काढलात, एवढं तरी विचारायचं होतं.

तो प्रश्न अखेर गेल्या महिन्यात विचारला गेला, पण इंद्रजीतला. बक्षिसाचा फोटो बघून कॉलेजातली दोघं जण स्टुडिओत आली होती. "सर, सहलीत काढलेला आमचा बर्फ राखेसारखा येतो. तुमचा इतका पांढरा कसा?"

इंद्रजीतनं मला हातात उलटसुलट फिरवलं. "सेटिंग असतंय," म्हणाला.

"कुठलं सेटिंग, सर?"

त्यानं आत हाक मारली, "ऋतुजा, सांग गं ह्यांना. तू बी होतीस की तितं."

ती पासपोर्ट फोटो कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "कॅमेऱ्यालाच इचारा की. नाव तुमचंच हाय त्यात."

मुलं हसली. इंद्रजीतही हसला, पण मला टेबलावर ठेवताना जरा आपटलंच.

हल्ली हळदीला ऋतुजा मला नेते, पण चकतीला हात लावत नाही. ऑटोवर टाकते आणि नुसतं बटण दाबते. पांढरं काही समोर आलं की मी बावरतो, त्याची राख करतो. गिऱ्हाइकांना फरक कळत नाही. मला कळतो आणि तिलाही कळतो. तिनं मला जमिनीवर आपटलं असतं तर यापेक्षा बरं वाटलं असतं.

तुमच्या घरात कॅमेरा असेल तर माझी एवढीच विनवणी आहे. त्याच्या आत कुणाचं नाव आहे ते उघडून बघा, आणि घरात बटण कोण दाबतं तेही बघा. नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. इंद्रजीतला तीन वर्षांत ती दोन मिनिटं मिळाली नाहीत, आणि ऋतुजानं आता मागायचं सोडून दिलंय.