अडकणारं दार

मी सुतार आहे. लोकांची दारं सांगितलेल्या दिवशी बसवून देतो. आईचं दार मात्र दोन वर्षं उद्यावर ढकलत होतो. ती एकटीच राहते. फोनवर म्हणायची, "दार अडकतंय रे, जरा येऊन बघ." माझी उत्तरं तयारच असायची. आज पाठ धरलीय, उद्या मोठं काम आहे, लाकूड वाळलं की आपोआप सैल होईल. ती म्हणायची, "बरं." त्या 'बरं'चाच मला राग यायचा. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

काल खांद्यावर जाडजूड फळी घेऊन चालताना तिला फोनवर सांगितलं, "पाठ धरलीय." माझं मलाच ऐकवेना. फळी भिंतीला टेकवली, दार तासायला रंधा पिशवीत टाकला आणि तडक निघालो.

तिनं दार उघडलं, तेही अलगद. मी दोनदा लावून पाहिलं. कुठेच घासत नव्हतं. तासलेल्या कडेवरचा रंगसुद्धा मळला होता.

"हे कधी करून घेतलंस?"

"झालं की दीड वर्ष."

"मग मला सारखी कशाला बोलवत होतीस?"

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली.

"आधी नुसतं 'ये' म्हणूनही बघितलं होतं रे."