सुंद्री कुणाच्या मागं चालते

आमच्या घरात दोन अडेलतट्टू होते. एक सुंद्री घोडी, दुसरा माझा नवरा रेवणसिद्ध. घोडी सुधारली.

माळेगावच्या जत्रेतून नवऱ्यानं तिला वरातीसाठी आणली आणि आल्याआल्याच चाबूक दाखवला. तिनं त्याच्या दंडाचा चावा घेतला. मग शिरूर अनंतपाळच्या एका वरातीत डीजे वाजताच तिनं नवरदेवाला थेट उकिरड्यावर उतरवलं. नवरा म्हणाला, "इकून टाकतो हिला." तोवर माझा तिच्यावर जीव जडला होता.

मी तिला शिकवायचं ठरवलं. शिकवायचं म्हणजे काय, गोठ्यात तिच्याकडं पाठ करून बसायचं आणि निवांत भाकरी खायची. घोडं कळपातलं जनावर. एकटं पडलं की घाबरतं, आणि जो न घाबरता पुढं चालतो त्याला पुढारी मानतं. ओढणाऱ्याला नाही. सुरुवातीला ती लांबूनच फुरफुरायची. एके सकाळी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून तिनं भाकरी हुंगली. तिनं ढकललं की मी तिला मागं सरकवायची, नीट वागली की मान खाजवायची. पुढं पुढं मी पिठाच्या गिरणीत निघाले तरी सुंद्री मागं. दळणाच्या रांगेतसुद्धा गुमान उभी राहायची.

"शाळेतल्या राघवेंद्र सरांच्या वरातीत मीच पुढं चालते," मी म्हटलं.

"बाईमाणूस घोडीच्या पुढं? लोक तोंडात शेण घालतील," नवरा म्हणाला. "ती तुझ्या वासानं चालती, दुसरं काय न्हाई. तुझी शाल दे."

देगलूरचा घोड्यांचा व्यापारी मलप्पा त्या वरातीला येणार होता. घोडी बिथरली तर तिथूनच त्याच्या टेम्पोत चढवायची, असं नवऱ्याचं आणि त्याचं ठरलं होतं.

वरात निघाली. माझी जांभळी फुलाफुलांची शाल पांघरून नवरा पुढं, आणि घडीघडी मागं वळून बघतोय, येती का, येती का. पुढारीच भेदरलेला म्हटल्यावर कळपानं काय करावं? मारुतीच्या देवळापाशी डीजेनं दणका दिला आणि सुंद्री मागच्या पायांवर उभी राहिली. शाळेत पोरांना चळाचळा कापायला लावणारे राघवेंद्र सर तिच्या मानेला मिठी मारून "आई गं, आई गं" करत होते. नवरा लगाम ओढत होता. मलप्पा मिशीतल्या मिशीत हसत होता.

माझं डोकंच फिरलं. बायकांच्या घोळक्यातून निघाले, नवऱ्याच्या हातातून लगाम सोडवून घोडीच्या मानेवर टाकला आणि पाठ फिरवून चालू लागले. मागं बघायचं नाही. बघितलं तर माझाही रेवणसिद्ध झाला असता. डीजेपुढं टापा कुठल्या ऐकू येणार? गेली माझी सुंद्री, असं वाटून डोळे भरून आले, तरी चालत राहिले.

मग मानेवर गरम श्वास आला.

मी रडले, आणि रडत रडतच मांडवापर्यंत गेले. माझ्यामागं सुंद्री, तिच्यावर सर, त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड, आणि सगळ्यात शेवटी जांभळ्या शालीतला माझा नवरा. डीजे थांबल्यावर मलप्पानं त्याला गाठलं. "काय मालक, घोडी देताव का न्हाई?"

नवऱ्यानं माझ्याकडं बोट केलं.

"तिकडं पुढं जाऊन इचारा. मी मागचा हाय."