दुपट्ट्याखालची बोटं

एक्स-रेचं पाकीट काखेत मारून खुशालरावांनी डॉक्टरांच्या दाराचा अर्धा पडदा बाजूला सारला आणि बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला, तिनं विचारायच्या आधीच, सांगून टाकलं.

“मुतखडा हाय. डॉक्टर म्हणते कापा. मी म्हटलं, पाणी पिऊन पाहीन.”

रुख्मिणीबाईंनी मान हलवली. पदराच्या टोकाला सुपारी बांधलेली होती. ती गाठ त्या सोडत होत्या आणि ती काही सुटत नव्हती.

खुशालराव बार्शीटाकळीच्या बैलबाजारातले दलाल. नवे पैसे निघाले तरी त्यांच्या बाजारात भाव जुन्या बोटांनीच ठरायचा. दुपट्ट्याखाली विकणाऱ्यानं बोटं उघडायची, घेणाऱ्यानं एकेक मिटवत जायचं, आणि वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा. पटलं तर उरलेली बोटं धरून ठेवायची, नाही पटलं तर हात सोडायचा. कोण किती खाली आला हे तिसऱ्याला कळत नसे, म्हणून कोणाची लाज जात नसे. खुशालराव जन्मभर दलाली खात आले ती खरं तर बैलांची नव्हे, या झाकलेल्या लाजेची.

आणि आज अकोल्याच्या या डॉक्टरनं सगळा भाव उघड्यावर फोडला होता. खुशालरावांचा डावा कान गेलेला, उजवा सोयीपुरता चालणारा. डॉक्टरांनी आधी हळू सांगितलं: प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, कमरेच्या हाडात उतरलाय. मग तेच मोठ्यानं. ‘वृषण’ हा शब्द खुशालरावांना दोनदा सांगूनही उमगला नाही. शेवटी डॉक्टर ओरडलेच, की गोऱ्ह्याचा बैल करताना त्याचं जे बडवता ना, ते तुमचं काढावं लागेल. रोगाला खाद्य तिथून मिळतं. गोळ्याही होत्या, पण त्यांनी पुरुषाची छाती बाईसारखी भरते म्हणे. बरं काही होणार नाही. काढलं तर कळ थांबेल, दोनेक वर्षं मिळतील. नाही तर पुढचा पोळा दिसणं कठीण.

“मी बैलं बडवून घेतो,” खुशालराव म्हणाले होते. “सोताले नाही बडवून घेत.” गोळ्यांचं नाव तर त्यांनी हातानंच झटकून टाकलं होतं.

आता ते समोर उभ्या टांग्याकडे निघाले, तोच कमरेतून कळ सुटली आणि गुडघ्यापर्यंत उतरली. ते पुन्हा बाकावर बसले. गाडीले वेळ हाय, एवढंच रुख्मिणीबाई म्हणाल्या. मग सुपारीच्या गाठीकडे पाहत त्यांनी विचारलं,

“आपल्या सर्ज्याले बडवलं होतं, ध्यानात हाय?”

“आता तो कावून काढला?”

“तुमी तवा दोन दिवस गोठ्यात पाय नाही ठेवला. मीच त्याले गूळ चारला. मंग बारा वर्सं राहिला तो आपल्या दारात. त्याले चारा टाकताना मी कधी हात आखडला काय?”

खुशालराव तिच्याकडे पाहत राहिले. ज्याला कमी ऐकू येतं त्याचा हिशेब असा असतो, की जगालाही तेवढंच ऐकू जात असेल. बाक दाराला लागूनच होतं. व्हरांड्यात आणखी दोन माणसं होती. ती केव्हापासून भिंतीकडे तोंड करून बसली होती, हेही त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांची मान खाली गेली.

रुख्मिणीबाईंनी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, दोघांच्या मांडीवर पसरला आणि खाली हात घातला. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूसमोर बोलायची चोरी, म्हणून ही बोटं खुशालरावांनीच तिला शिकवली होती.

“काढलं तर किती वर्सं?” ती हळूच, उजव्या कानाशी म्हणाली.

खुशालरावांनी तिच्या तळव्यावर पाचही बोटं उघडली. दुपट्ट्याच्या वर ते आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले असतील. दुपट्ट्याखाली हे पहिलंच.

“टांग्याचं घोडं लय खराब झालं हो,” रुख्मिणीबाई समोर पाहत म्हणाल्या.

“चंदी-दाणा नसंल देत.”

तिनं अंगठा मिटवला. मग करंगळी. मग तिसरं बोटही. दोन उरली. ती तिनं मुठीत धरली.

घोड्यानं माशा वारायला मान हलवली. घुंगरं वाजली असावीत. खुशालरावांना ती ऐकू आली नाहीत.

“जा,” शेवटी ते म्हणाले. “डॉक्टरले इचारून ये, कोणत्या दिवशी यायचं.”

रुख्मिणीबाई उठल्या नाहीत. उठायचं तर हात सोडावा लागला असता.