दोरीवर वाळत घातलेलं पोट

सेनाम अगबेकोनं सतरा वर्षं सरकारी इस्पितळात बाळंतपणं केली आणि मग नोकरी सोडून घानाच्या राजधानीत, अक्रातल्या मदिना भागात स्वतःची संस्था काढली. ज्यांना मूल होत नाही त्यांना सरोगेट आई मिळवून द्यायची. डॉक्टर, वकील, करारपत्र सगळं बघायचं आणि शेवटी मूल आईबापांच्या हातात ठेवायचं, असं ते काम. दारावर तिनं पाटी लावली, ‘अगबेको कुटुंब-बांधणी सेवा’. पहिल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनाही सिमेंटच्या विटा हव्या होत्या.

मग पाटी बदलून ‘महिला आरोग्य सल्ला’ अशी केली, तेव्हा माणसं येऊ लागली. तीसुद्धा मागच्या दारानं, गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून. मूल सगळ्यांना हवं होतं, पण ते कुणाच्या पोटातून आलं हे कुणालाच कळायला नको होतं. त्यामुळे सेनामला कपाटात पोटं ठेवावी लागली. कापूस भरलेली, कमरेला पट्ट्यानं बांधायची; चार महिन्यांचं, सहा महिन्यांचं, आठ महिन्यांचं. नाटकमंडळीसाठी हवीत असं सांगून तिनं ती एका शिंप्याकडून शिवून घेतली होती. तीन वर्षांनी तो शिंपी म्हणाला, "बाई, तुमच्या नाटकात कुणी बाळंत होतच नाही का?"

अराबा क्वान्सा ही मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. वय एक्केचाळीस. पाच वेळा दिवस राहिले होते आणि पाचही वेळा गेले होते. पाचव्यांदा तिनं नवऱ्याला सांगितलं की आता पुन्हा नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी शाळेत गेली. वर्षभरानं ती सेनामकडे आली. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा गर्भ लारिबा नावाच्या बाईच्या पोटात वाढू लागला. लारिबा उत्तरेकडची, बोल्गाच्या बाजूची. स्वतःची दोन मुलं आईकडे ठेवून ती संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या घरात राहायला आली होती. ठरलेल्या वेळी अराबा एकेक पोट बांधत गेली आणि शाळेतल्या मुली तिला खुर्ची देऊ लागल्या.

सातव्या महिन्यात अराबाची सासू मामे एकुवा सुनेचं बघायला साल्टपाँडहून येऊन राहिली. आयुष्यभर बाजारात कापड विकलेली बाई. इंचपट्टीशिवाय वार मोजायची.

आठवड्याभरातच ती सेनामच्या ऑफिसात आली, पुढच्या दारानं. पिशवीतून सहा महिन्यांचं पोट काढून तिनं टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं?"

"मामे, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"आत पत्ता शिवलाय. ‘सापडल्यास परत करावे.’ सुनेनं शाळेत जाताना दुसरं बांधलं आणि हे धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलं. मी बाजारात जाते म्हणून निघाले, छत्री घ्यायला परत आले, तर हे दोन चिमट्यांना लटकलेलं. चार वाजायच्या आत मला परत लावायचंय. तेव्हा लवकर सांग, खरं कुठंय?"

सेनामनं ताकास तूर लागू दिली नाही. "कुठलं खरं?"

"पोरी, मी पाच मुलं काढलीत. कापूस लाथ मारत नाही. माझं नातवंड कुणाच्या तरी पोटात असणार. ती बाई जेवते काय?"

"मला काही सांगता येणार नाही, मामे. करार आहे."

"बरं. मग मी बसते. आणि सुनेला यातलं काही कळता कामा नये. पाच वेळा रडलीय ती. आता मलाही ठाऊक आहे म्हटल्यावर तिला तोंड कुठं लपवू असं होईल."

म्हातारी नऊ दिवस आली. रोज मासळीच्या सूपचा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसायची आणि चार वाजता उठायची. मागच्या दारानं येणारी माणसं तिला बघून मागच्या दारानंच परत जाऊ लागली. दहाव्या दिवशी सेनामनं हात टेकले आणि लारिबाला विचारायला गेली.

लारिबा चटईवर पाय पसरून बसली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एकच विचारलं. "सूप कसलं?"

"मासळीचं."

"तुम्ही किनाऱ्यावरचे लोक म्हणजे! मला आमचं बाजरीच्या पिठाचं टीझेड हवंय, आयोयोच्या पाल्याच्या कालवणासोबत. सहा महिने झाले, इथं कुणाला ते पीठ धड घोटता येत नाही. ती करून आणणार असेल तर येऊ दे."

सेनामनं निरोप पोचवला.

"उत्तरेकडचं जेवण?" मामे एकुवा म्हणाली. "माझ्या नातवंडाला?" मग तिनं डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तो पाला मिळतो कुठं?"

पहिल्या दिवशीचं टीझेड लारिबानं कोपऱ्यात सारलं. "यानं भिंत लिंपता येईल, मामे."

"खा मुकाट्यानं."

"तुम्हीच खाऊन बघा की."

म्हातारीनं खाऊन बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पीठ बदललं. तिसऱ्या आठवड्यात लारिबा बोटं चाटू लागली. दोघी दुपारभर भांडायच्या, आणि त्या घरातल्या बाकीच्या बाया ऐकत बसायच्या. घरी गेल्यावर मामे एकुवा सुनेला म्हणायची, "आज पोट खाली उतरल्यासारखं दिसतंय." अराबा म्हणायची, "हो आई, जड झालंय."

हे अराबाला सांगायला हवं, हे सेनामला कळत होतं. करारात गुप्ततेचं कलम तिनंच घातलं होतं. रोज सकाळी ती फोन हातात घ्यायची आणि रोज दुसऱ्या कुणाला तरी करायची.

लारिबाला तीन आठवडे आधीच कळा लागल्या. मामे एकुवा डबा घेऊन आलेलीच होती, ती सोबत इस्पितळात गेली. अराबा शाळेच्या बक्षीस समारंभात होती. सेनामचा फोन आल्यावर ती व्यासपीठावरून उठली, तशी सगळी शाळा उभी राहिली आणि दोन शिक्षिकांनी तिला धरून गाडीत बसवलं. प्रसूतिकक्षाच्या दारात नर्सनं तिला बघितलं आणि चाकांची खुर्ची पुढे केली.

"बसा, बसा. कळा किती किती वेळानं येतायत?"

"माझ्या नाहीत," अराबा म्हणाली. "आतल्या बाईच्या."

नर्सनं आत बघितलं, मग अराबाच्या पोटाकडे. "मग तुमचा नंबर नंतर."

अराबा आत गेली. लारिबाचा हात धरून तिची सासू बसली होती. सासूनं वर बघितलं. सुनेच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"ते काढून ठेव, पोरी," मामे एकुवा म्हणाली. "किती उकडतंय. आणि हिचा दुसरा हात धर."

पाठीमागे हात नेऊन अराबानं पट्टा सोडला आणि पोट खुर्चीवर ठेवलं. पाऊण तासानं मुलगी झाली, अडीच किलोची, भरपूर जावळ असलेली. अराबानं तिला छातीशी धरलं.

चौथ्या दिवशी ती सेनामकडे आली.

"किती दिवसांपासून ठाऊक होतं त्यांना?"

"दोन महिने."

"दोन महिने मी त्यांच्यासमोर कमरेला हात लावून कण्हत होते! तुम्ही मला एक शब्द सांगितला नाहीत."

"चुकलं माझं," सेनाम म्हणाली. "लारिबाला विचारलं आणि तुम्हाला विचारलं नाही. माझी फी परत करते."

"फी नकोय मला. मला राग येऊ द्या." ती अर्धा तास रागानं बसली आणि मग बाळाला बाटली द्यायची वेळ झाली म्हणून उठली. दारातून म्हणाली, "बारशाला पहाटे पाच वाजता या. पुढे बसा. कुणी विचारलं तर खरं काम सांगा."

आठव्या दिवशी पहाटे मुलीच्या ओठांना पाण्याचा थेंब लावला आणि नाव ठेवलं. सेनाम पुढे बसली. तिला कुणी काही विचारलं नाही, पण सगळे जण तिच्याकडे बघत होते, आणि दोन बायांनी निघताना तिचा नंबर घेतला. लारिबालाही बोलावणं होतं. ती आली नाही. आमच्याकडे ही गोष्ट गेली तर माझ्या मुलांना शाळेत चिडवतील, असं तिनं कळवलं होतं.

पुढच्या आठवड्यात सेनाम तिला बोल्गाच्या बसपर्यंत सोडायला गेली. मामे एकुवानं वाटेसाठी डबा दिला होता. लारिबानं बसच्या पायरीवर उभं राहून तो उघडून हुंगला आणि बंद केला.

"माझी चुलतबहीण विचारत होती," ती म्हणाली. "तुमच्याकडे येऊ का म्हणून. येईल ती. पण तिला आधी सगळं सांगा."

"सगळं सांगतेच की मी. करार वाचून दाखवते."

"दूध येतं ते सांगत नाही तुम्ही. बाळ नेल्यावर चार दिवस नुसतं येत होतं. मी टॉवेल लावून बसले होते."

सेनामनं सतरा वर्षं बाळंतपणं केली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. लारिबा आत जाऊन खिडकीपाशी बसली आणि डबा मांडीवर घेतला.

सेनाम ऑफिसात परतली. येणाऱ्या बायांना द्यायचं माहितीपत्रक तिनं काढलं, आणि तपासण्या, आहार आणि विश्रांती यांच्या खाली पेननं लिहिलं : दूध येतं.